पाय बघा : जमिनीवरच्या कासवांसाठीच्या कामाच्या नोंदी

23 मे 2024, गुरुवार

जागतिक कासव दिन. सकाळी सहा ते साडेनऊ बागेच्या फाटकाशी टेबल मांडलं. आम्ही चौघं होतो. डॉक्टर ताई प्राण्यांची डॉक्टर, आठवड्यातून दोन दिवस बचाव केंद्रात काम करते. तिच्या भावाचा छापखाना आहे. तिसरा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि चौथी मी, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी. विषय एकच घ्यायचा असं आधीच ठरवलं होतं: स्टार कासव. काळपट पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेलं, पुण्यात कित्येक घरांत गुपचूप पाळलं जाणारं.

लोक थांबत होते, आपुलकीनं बोलत होते. पण दर दुसऱ्या माणसाचा पहिला प्रश्न, "वेळासला कासव महोत्सव कधी असतो हो?" रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 साली समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि गावानं ते काम आपलं मानलं. त्यामुळे 'कासव वाचवा' म्हटलं की महाराष्ट्रात माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. याचा मला आनंदच आहे. मात्र "हे कासव पोहत नाही, पाण्यात सोडलं तर बुडून मरतं" असं मी सांगितलं की समोरचा माझ्याकडे बघतच राहायचा. एक आजोबा म्हणाले, "बाई, कासव म्हणजे पाण्यातलंच. आमच्या विहिरीत होतं, पाणी स्वच्छ ठेवायचं." आजोबांच्या विहिरीतलं कासव खरंच पाण्यातलं असणार. पण टेबलावरच्या चित्रातलं वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता.

घरी आल्यावर तेच डोक्यात होतं. गुरांसाठी आपल्याकडे वासरू, पाडी, कालवड, गाय, खोंड, बैल असे किती शब्द. आणि वाळूत अंडी घालायला समुद्रातून येणारं, नदी-तळ्यात राहणारं आणि माळावर गवत खाणारं, तिघांनाही आपण नुसतं 'कासव' म्हणतो. 'जमिनीवरचं कासव' म्हणावं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, पाण्यातून वर आलेलं.

9 जून 2024, रविवार

छापखान्यात बैठक. पोस्टरचा मजकूर ठरवला. कायदा ठळक हवा, हा आग्रह माझा. हे कासव पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. आंतरराष्ट्रीय पातळीवरही 2019 साली जिनिव्हाच्या सायटिस (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा करार) परिषदेत त्याला सगळ्यात कडक यादीत घेतलं, व्यापारी विक्री बंद.

हे कडक का करावं लागलं, तेही पोस्टरवर आलं. आंध्र-कर्नाटकाच्या एकाच पट्ट्यातून वर्षाला किमान 55,000 स्टार कासवं उचलली जातात, असं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. बहुतेक पिलं, तळहातावर मावणारी. हालू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळून किंवा मोज्यात कोंबून बॅगेत एकावर एक रचतात आणि विमानानं परदेशी पाठवतात. काही आपल्याच शहरांतल्या घरांत येतात. घरात आलेलं एक पिल्लू आपल्याला दिसतं, वाटेत मेलेली दिसत नाहीत. हे मी वर्गात सांगते तेव्हा माझा आवाज दर वेळी बदलतो, आणि बदलू नये असं मला वाटतही नाही.

डॉक्टर ताईनं एकच शंका काढली. "ज्याच्या घरी कासव आहे, तो हे वाचून रात्री काय करेल?" मी म्हटलं, आणून देईल. ती गप्प राहिली. साठ प्रती काढल्या. भाजी मंडई, सोसायट्यांचे फलक, तीन देवळं.

20 जून 2024, गुरुवार

शाळा सुरू झाल्यावरचं पहिलं सत्र. आमची शाळा नव्हे, शेजारच्या उपनगरातली मराठी शाळा, पाचवीचा वर्ग. सेंट हेलिना बेटावरच्या जोनाथन कासवाची गोष्ट सांगितली. त्याचा जन्म 1832 च्या सुमाराचा मानतात आणि अजून तो गवत खातोय. मुलांनी वहीत वजाबाक्या केल्या. एकानं विचारलं, "म्हणजे आजीच्या आजीच्या वेळचा?"

मग कवचाबद्दल. कवच म्हणजे घर, असं सगळ्यांना वाटतं. कासव आत-बाहेर करतं आणि कवच बदलता येतं, हेही. फळ्यावर सांगाडा काढून दाखवला: पाठीचा कणा आणि बरगड्याच पसरून, एकमेकींना जुळून ते छप्पर झालेलं आहे, वरून नखासारख्या पदार्थाचे पत्रे. कवचावर टकटक केलं तर कासवाला कळतं. वर्ग शांत झाला.

त्या शांततेत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमचा राजा पण टकटक केलं की आत जातो."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला काहीच चुकीचं वाटत नव्हतं, ती हसत होती. आमच्या पोस्टरची एक प्रत वर्गाच्या दारावर लावलेली होती. शेजारच्या मुलानं ती वाचली होती. तो म्हणाला, "तुझ्या बाबांना पोलीस नेणार."

तिचा चेहरा जसा पडला, तो मला विसरता येणार नाही. मी वर्गाला सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहील आणि कुणीही तिला यावरून चिडवायचं नाही. सत्र संपल्यावर तिच्या बाईंशी बोलले. घरी जायचं नाही, निरोप पाठवायचा नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मूल विश्वासानं बोललं त्याचा फायदा घेऊन तिच्या दारात उभं राहणं मला पटत नाही. पण एक संरक्षित प्राणी कुठे आहे ते मला आता माहीत आहे आणि मी गप्प आहे, हेही पटत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

2 जुलै 2024, मंगळवार

सकाळी देवळातल्या गुरवांचा फोन. पोस्टर लावायला परवानगी देणारे हेच. "बाई, कुंडात तुमचं कासव आलंय, पण हालत नाही."

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कुंड दगडी, पायऱ्या शेवाळलेल्या, पाणी कमरेइतकं. कासव तळाशी होतं. कॉलेजच्या मुलानं उतरून वर काढलं. स्टार कासव, वीतभर लांबीचं. मान लांब बाहेर, तोंड उघडं. पुढच्या नखांत शेवाळ भरलेलं. भिंतीला धरून वर यायचा प्रयत्न केलेला. डॉक्टर ताईनं तपासलं, काही राहिलं नव्हतं.

वरच्या पायरीवर द्रोण होता. त्यात हळदकुंकू, जास्वंदीचं फूल आणि अर्धी काकडी. ज्या कुणी सोडलं, त्यानं आधी पूजा केली होती, वाटेसाठी खायलाही ठेवलं होतं. त्याला वाटलं, कासव पाण्याचं, पाण्यात परत जाईल.

कुंडाच्या मागच्या भिंतीवर आमचं पोस्टर. 'कैद' हा शब्द लाल अक्षरांत. आमच्या पोस्टरमुळेच हे झालं असं सिद्ध करता येणार नाही. पण मला दुसरं कारण सुचत नाही. त्या कागदावर पाळू नका होतं, शिक्षा होती, तस्करी होती. असलेलं कासव कुठे द्यायचं हे तळाशी बारीक अक्षरांत होतं, आणि ते बुडतं हे कुठेच नव्हतं.

वनविभागाला कळवलं. मेलेला असला तरी तो संरक्षित प्राणीच, परस्पर पुरता येत नाही. त्यांनी पंचनामा केला, ताब्यात घेतलं.

3 जुलै 2024, बुधवार

साठपैकी बावन्न पोस्टर परत काढली. आठ सापडली नाहीत.

14 जुलै 2024, रविवार

दोन आठवडे कुणालाच काम करावंसं वाटत नव्हतं. आज छापखान्यात पुन्हा जमलो.

डॉक्टर ताई सोबत तीन छायाचित्रं घेऊन आली होती, फक्त पायांची. समुद्री कासवाचे पाय म्हणजे वल्ही, चपटे आणि लांब. नदी-तळ्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा. स्टार कासवाचे पाय हत्तीसारखे, गोल खांब, खाली बोथट नखं. "नाव काय ठेवायचं यावर भांडत बसू नका," ती म्हणाली. "पाय बघायला सांगा. ज्याच्या घरी आहे त्याला आत्ता, या क्षणी बघता येतील."

नवीन पोस्टर त्यावरच केलं. वर मोठ्या अक्षरांत: पाय बघा. खाली तीन पाय. मग तीन ओळी:

खांबासारखे पाय असतील तर ते पाण्यातलं कासव नाही. नदीत, विहिरीत, कुंडात सोडू नका, बुडेल.
टेकडीवर किंवा रानातही सोडू नका.
1926 वर फोन करा.

1926 ही वनविभागाची हॅलो फॉरेस्ट सेवा. शिक्षा लिहायची की नाही यावर तासभर बोललो. शेवटी 'घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे' एवढी एकच ओळ ठेवली, इतर अक्षरांच्याच आकारात. मला ती काढायची नव्हती. कायदा लपवून मन वळवणं म्हणजे फसवणूक होईल. पण जोर फोनवर हवा, हे मला आता कळतं.

शाळांसाठी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रश्नपेटी. पुठ्ठ्याचं खोकं, वर फट. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, म्हणजे कुणाला भर वर्गात बोलून अडकावं लागणार नाही. दुसरी, घरचा अभ्यास: जवळच्या देवळातल्या दगडी कासवाचे पाय बघून चित्र काढून आणा.

26 जुलै 2024, शुक्रवार

अभ्यास बघितला. फार सुंदर चित्रं आली. आपल्याकडे देवासमोर सभामंडपात कासव असतंच, पण आपण त्याच्या पाठीला हात लावून पुढे जातो. मुलं या वेळी खाली बसली. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, "पाय झिजले आहेत, नीट कळत नाही." एकानं लिहिलं, "नखं आहेत, पडदा नाही, पण पाय बारीक आहेत, म्हणून नक्की सांगता येत नाही." पाचवीच्या मुलानं 'नक्की सांगता येत नाही' असं लिहावं याचं विज्ञानशिक्षक म्हणून मला फार अप्रूप वाटलं. एकाचं गाव जेजुरी. त्यानं गडावरचं मोठं कासव काढलं होतं, भंडाऱ्यानं सबंध पिवळं, पाय दाखवलेच नव्हते. विचारलं तर म्हणाला, "माणसं उभी होती."

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं देवळातलं कासव काढलं नव्हतं. तिनं कागदावर चार खांब काढले होते, दोन पुढचे, दोन मागचे. मागच्या दोन्ही पायांची नखं पुढच्यांहून खूप आखूड. खाली लिहिलं होतं: मागची घासली आहेत.

डॉक्टर ताईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "मागची? नक्की मागची?"

30 जुलै 2024, मंगळवार

मुलीच्या आईचा फोन. नंबर शाळेतल्या बाईंकडून घेतला म्हणाल्या. "घरी येऊन बघाल का? मुलगी चार दिवस नीट जेवत नाहीये. म्हणते राजा बुडेल." मग थोडं थांबून, "आम्हाला पकडतील का हो?"

मी खरं तेच सांगितलं. कायद्याचं आश्वासन देणं माझ्या हातात नाही, त्यामुळे देणार नाही. पण वनविभागाला फोन तुम्ही स्वतः करा, लपवू नका, आणि त्या दिवशी आम्ही तुमच्या शेजारी उभे राहू. त्या म्हणाल्या, रविवारी या.

4 ऑगस्ट 2024, रविवार

तिसऱ्या मजल्यावरचं घर, आल्या आल्या चहा. आजी, आई, बाबा, मुलगी. कासव दहा वर्षांपूर्वी आलं. मुलीच्या बारशाला तिच्या मामानं आणलं. मुलगी झाली, लक्ष्मी आली, कासवानं ती घरात टिकते, असं कुणी तरी सांगितलेलं. दोघांचं वय सारखंच म्हणून मुलीनं त्याला भाऊ मानलं. दर राखी पौर्णिमेला ती त्याला राखी बांधते. पाठीभोवती रेशमी दोरा गुंडाळलेले नऊ फोटो त्यांनी दाखवले.

बाल्कनी सहा बाय चार. खाली टाइल्स, पुढे सरकती काच, कोपऱ्यात पाण्याचा टब, "पोहायला". पाणी तीन-चार बोटंच होतं, म्हणून तो दहा वर्षं जगला. खाणं: दुधात कुस्करलेली चपाती, काकडी, टोमॅटो, कधी कोबी.

मी त्याच्यापुढे मांडी घालून बसले. स्टार कासवाची पाठ गुळगुळीत घुमटासारखी असावी. रानात, वाळक्या गवतात त्या पिवळ्या रेघा उन्हाच्या कवडशांसारख्या दिसतात आणि कासव दिसेनासं होतं. इथे प्रत्येक चांदणी वेगवेगळ्या टेकाडासारखी वर उचललेली, मधल्या खाचा खोल. डॉक्टर ताईनं कडेला अंगठ्यानं अगदी हलकं दाबलं, कड किंचित लवली. चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळाला नाही. सूर्यप्रकाशातली जी किरणं अंगात चुना मुरवायला लागतात ती काचेतून येत नाहीत. हे एका रात्रीत होत नाही, दहा वर्षं इंचाइंचानं होतं, म्हणून रोज बघणाऱ्याला दिसत नाही. आजी म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, मोठा झाला की अशीच होते पाठ." त्यांनी त्याच्यावर माया केली होती, यात मला तिळमात्र शंका नाही.

बाबांनी कौतुकानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. "हा नाचतो बघा." कासव बाल्कनीच्या कोपऱ्यात पाठमोरं. मागचा डावा पाय टाइलवरून ओढत मागे, मग उजवा, मग डावा. मिनिट, दोन मिनिटं, तालात. मागे गाणं लावलेलं. डॉक्टर ताईनं आवाज बंद केला. आता टाइलवर नख घासल्याचं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मी कोपऱ्यात जाऊन खाली हात फिरवला. टाइलची चकाकी दोन कमानींत गेलेली होती.

डॉक्टर ताईनं कासवाला दोन्ही हातांत आडवं धरलं, उलटं केलं नाही. पोटाची बाजू वाकून बघितली. नराची ती खोलगट असते, ही सपाट. शेपूट आखूड. मग मागच्या पायापुढच्या खळग्यात बोट घालून कासव अगदी सावकाश डोलवलं आणि थांबली.

"हा राजा नाही. ही बाई आहे. आणि हिच्या पोटात अंडी आहेत."

बाबा म्हणाले, "पण नर तर नाहीच घरात." कोंबडी नसते का कोंबड्याशिवाय अंडी देत, तसंच. पिल्लू निघणार नाही, पण अंडं धरतं आणि ते बाहेर यावंच लागतं. माती मिळाली नाही तर ती रोखून धरते. फार दिवस रोखलं तर मरते. ती नाचत नव्हती, खड्डा खणत होती. किती वर्षं, कुणास ठाऊक.

आई एकदम खाली बसल्या. "दोनदा टबात पांढरं काही फुटलेलं सापडलं होतं. आम्हाला वाटलं, पोट बिघडलंय. मी टब धुऊन टाकला."

राखी होईपर्यंत थांबू या, असं आजींच्या मनात होतं. पंधरा दिवसच तर आहेत. डॉक्टर ताई नको म्हणाली. मुलीनं कुणालाही न विचारता बाबांचा मोबाइल घेतला आणि 1926 लावून त्यांच्या हातात दिला.

6 ऑगस्ट 2024, मंगळवार

वनविभागाचे दोन कर्मचारी आले. नीट बोलले, जबाब लिहून घेतला, सह्या घेतल्या. पुढे काय ते वरिष्ठ ठरवतील म्हणाले. खोक्याला भोकं पाडून आत वाळकं गवत घातलं. मुलगी जिन्यात बसून होती, खाली आली नाही. आजींनी निघताना खोक्याला हात जोडले.

7 ऑगस्ट 2024, बुधवार

बचाव केंद्रात क्ष-किरण फोटो काढला. तीन अंडी, एकमेकांना चिकटून, कडा स्पष्ट. तिला गरम वाफ्यात ठेवलं, चुन्याचं औषध सुरू केलं, आणि फूटभर खोल माती भरून दिली. खायला हरळी आणि जास्वंदीची पानं-फुलं. गणपतीला वाहतो त्या दूर्वा आणि जास्वंद म्हणजेच हिचं खरं अन्न, हे मला आजवर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं गवताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दहा वर्षं चपाती खाल्लेली.

11 ऑगस्ट 2024, रविवार

काल दुपारी डॉक्टर ताईचा फोन: मातीत फिरतेय, जागा हुंगतेय, ये. परवानगी घेऊन आम्ही दोघी वाफ्यापासून लांब, दाराच्या आड बसलो.

सूर्य कलल्यावर तिनं कोपरा निवडला आणि आधी माती ओली केली, स्वतःच्या मूत्रानं. मग डावा मागचा पाय. माती निघाली. ती थांबली. किती वेळ ते घड्याळात बघितलं नाही, पण मला तो फार मोठा वाटला. मग उजवा पाय, परत माती निघाली. त्यानंतर ती थांबली नाही. झिजलेल्या नखांमुळे काम संथ होतं. एक पाय खाली जायचा, मूठभर माती ओंजळीसारखी वर आणून बाजूला ठेवायचा, मग दुसरा. तीच व्हिडिओतली पायांची हालचाल, तोच ताल, पण आता खाली माती होती. पावणेदोन तासांनी पहिलं अंडं पडलं. पांढरं, पिंगपाँगच्या चेंडूहून किंचित लांबट. पुढची दोन लगोलग. तिनं मागच्या पायांनी माती लोटली, अंग उचलून छातीनं धपधप दाबलं, पुन्हा लोटली, पुन्हा दाबलं. जागा कुठली होती ते सांगता येणार नाही इतकं सपाट केलं आणि मागे न बघता निघून गेली.

माझी आजी म्हणायची, कासवी नुसत्या नजरेनं पिलं वाढवते. लहानपणी मला ते खरं वाटायचं. रानात ही माती उकरून, दाबून निघून जाते आणि पुढचे तीन-चार महिने ऊब द्यायचं काम ती मातीच करते. आजीला हे सांगितलं असतं तर तिला आवडलं असतं, कमी वाटलं नसतं.

आज सकाळी तिनं हरळीचे दोन घास घेतले.

19 ऑगस्ट 2024, सोमवार

राखी पौर्णिमा. मुलगी शाळेत जाण्याआधी आईबरोबर माझ्याकडे आली. हातात राखी. "ती मुलगी आहे ना, मग बांधायची का?" मी म्हटलं, तुला वाटत असेल तर बांधू, पण अंगाला दोरा नको, गवतात अडकेल. तिनं राखी माझ्याकडे दिली, केंद्राच्या फाटकाला बांधा म्हणाली. दुपारी बांधून आले.

तिचा दुसरा प्रश्न अवघड होता. "आता तिला जंगलात सोडणार?" वर्गातही हेच विचारतात आणि टेकडीवर सोडू नका असं आम्ही का म्हणतो ते प्रत्येक वेळी उलगडून सांगावं लागतं. स्टार कासवं रानात दोन मोठ्या पट्ट्यांत आहेत. एक गुजरात-राजस्थानपासून सिंधपर्यंत, दुसरा आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या कोरड्या झुडपी रानांत, शिवाय श्रीलंकेत. दोन्हीकडच्यांचं रक्त वेगळं, सरमिसळ करून चालत नाही. ही कुठून उचलली ते कुणालाच माहीत नाही. घरात लागलेला सर्दीचा आजार रानातल्या निरोगी कासवांना दिला तर एकीला सोडताना शेकडो जातील. आणि हिची पाठ अशी. तपासण्या होतील, वनविभाग ठरवेल. कदाचित उरलेलं सगळं आयुष्य ती केंद्रातच काढेल, आणि कासवाचं आयुष्य काही दशकांचं असतं.

मुलीनं ऐकून घेतलं. समजूत काढायला मी काही गोड बोलले नाही. ती म्हणाली, "तिथे माती आहे पण." आहे, म्हटलं.

30 ऑगस्ट 2024, शुक्रवार

त्याच शाळेत पुन्हा सत्र, या वेळी सहावी आणि सातवी. पायांची तीन चित्रं त्या मुलीनंच हातात धरून दाखवली. घरच्या कासवाबद्दल ती बोलली नाही, मी विचारलं नाही.

शेवटी प्रश्नपेटी उघडली. चौदा चिठ्ठ्या. जोनाथनबद्दल चार. कासव दात घासतं का, एक. (दात नसतात, पोपटासारखी चोच असते. पुढच्या वेळी सांगायचं.) एकवीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं हे खरं का, दोन. याचं स्वतंत्र सत्र घ्यायला हवं. या थापेपायी तळ्यांतली कासवं मारली जातात आणि माणसं लुबाडली जातात.

तळाशी घडी घातलेला कागद, पेन्सिलीनं:

"आमच्याकडे पण आहे. टबात ठेवतो. काल पाय बघितले. खांब आहेत. पाणी मी काढून टाकलं. आता घरी कसं सांगू?"

नाव नाही. दोन्ही वर्गांतल्या सगळ्यांना ऐकू येईल असं सोमवारी याचं उत्तर देणार आहे. शब्द आज रात्री डॉक्टर ताईबरोबर बसून ठरवायचे. छापखान्यात आणखी शंभर प्रती सांगितल्या आहेत.